फिरस्ता खेळाडू

‘बारा गांवचें पाणी प्यालेला’ हा आपल्या भाषेंतला वाक्प्रचार मोठा दुटप्पी आहे. तो ज्याच्याविषयीं योजिला त्याची स्तुति झाली कीं निंदा झाली, हें बोलणाराच्या तोंडाकडे पाहिल्याखेरीज कळत नाहीं. मुलीसाठीं स्थळ पाहणारा बाप तो एका अर्थानें वापरील आणि गोदामासाठीं हुशार मुनीम शोधणारा व्यापारी दुसऱ्या अर्थानें. तरी एकंदरींत पाहतां आपणां मराठी माणसांचा ओढा एका ठिकाणीं रुजलेल्या माणसाकडे अधिक. ‘मूळचे कोठले?’ हा प्रश्न आपण अनोळखी माणसास नांवाच्याहि आधीं विचारतों, आणि उत्तरांत तीनचार गांवांचीं नांवें आलीं कीं आपला चेहरा किंचित् सावध होतो. आमचें स्वतःचें म्हणाल तर भिवंडीच्या एका कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आमचीं सत्तावीस वर्षें गेलीं. आमच्या सेवापुस्तकांत संस्थेचें नांव एकदांच लिहिलें गेलें आहे, आणि निवृत्तीपर्यंत तेथें दुसरें नांव लिहिलें जाण्याचा संभव नाहीं. म्हणूनच कीं काय, ज्यांच्या नांवापुढें पांचसहा नांवांची यादी असते अशा माणसांविषयीं आम्हांस विलक्षण कुतूहल वाटतें. आणि अशीं माणसें खेळाडूंत जितकीं सांपडतात तितकीं दुसरीकडे क्वचितच.

खेळाडूचें चरित्र हातीं आलें कीं आम्ही त्याच्या धांवा किंवा गोल प्रथम पाहत नाहीं. त्याच्या संघांची यादी पाहतों. ज्योतिषी पत्रिकेंतलीं घरें पाहतो तशीं आम्ही हीं घरें पाहतों: कोणत्या घरांत किती वर्षें, कोठून कोठें, आणि मध्येंच एखादें वर्ष रिकामें कां. माणसाचें सगळें प्रापंचिक चरित्र ह्या यादींत दडलेलें असतें. एके ठिकाणीं पगार वाढला असेल, दुसरीकडे कप्तानाशीं पटलें नसेल, तिसरीकडे गुडघा दुखावला असेल. आणि एखाद्या ठिकाणीं बायकोला हवा मानवली नाहीं एवढेंच कारण असेल. क्रीडावृत्तकार ह्यांतलें कांहीं लिहीत नाहींत. त्यांना आंकडे पुरतात.

पोलंडचा काझिमिएर्झ देयना हा फुटबॉलपटु घ्या. १९४७ सालीं उत्तर पोलंडांतील स्तारोगार्द नांवाच्या गांवीं तो जन्मला. त्याच्या तेथील क्लबाच्या नांवाचा अर्थ पोलिश भाषेंत ‘कापडकामगार’ असा आहे. तेथून १९६६ सालीं तो वूच शहरीं गेला. आपल्याकडील नकाशांत ह्या शहराचें नांव लॉड्झ असें छापतात. शब्दाचा अर्थ ‘होडी’, पण शहर सगळें सुताच्या गिरण्यांवर वाढलेलें. पोलंडचें मँचेस्टर अशी त्याची ख्याति. (आमच्या भिवंडीसहि कोणी कोणी हौसेनें हिंदुस्थानचें मँचेस्टर म्हणतात. मँचेस्टरला इंग्लंडची भिवंडी म्हटल्याचें मात्र अद्याप ऐकिवांत नाहीं.) वूच येथें देयना एकच लीग सामना खेळला, तोंच त्याला सक्तीच्या लष्करी नोकरीचें बोलावणें आलें, आणि वॉर्साचा लेगिया हा क्लब सैन्याचाच असल्यामुळें हा शिपाई बंदुकीऐवजीं चेंडू घेऊन तेथें दाखल झाला. तेथें त्यानें बारा वर्षें काढलीं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकांत अंतिम सामन्यांत हंगेरीविरुद्ध पोलंडचे दोन्ही गोल त्याचे. १९७४ च्या जागतिक स्पर्धेंत पोलंड तिसरें आलें तेव्हां तोच कर्णधार. पुढें १९७८ च्या अखेरीस त्याला खऱ्याखुऱ्या मँचेस्टरला जाऊं देण्यांत आलें, आणि त्याच्या मोबदल्यांत लेगियाला डॉलरांबरोबर कचेरींतलीं नकला काढण्याचीं यंत्रें व दवाखान्याचें सामानहि मिळालें असें सांगतात! मँचेस्टरच्या हवेंत दुखापतींनीं त्याचा पिच्छा पुरविला. तेथून १९८१ सालीं तो अमेरिकेंत सॅन डिएगोस गेला, आणि १९८९ च्या सप्टेंबरांत त्याच शहरीं मोटारीच्या अपघातांत, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, मरण पावला. २०१२ सालीं त्याचे अवशेष वॉर्साच्या लष्करी दफनभूमींत आणून ठेवण्यांत आले. कापडकामगारांच्या क्लबापासून पोलंडच्या मँचेस्टरला आणि शेवटीं इंग्लंडच्या मँचेस्टरला, असा हा सगळा सुताच्या वाटेनें झालेला प्रवास भिवंडीकरास सहजच आपला वाटतो.

त्या काळच्या पोलंडांत कागदोपत्रीं धंदेवाईक खेळाडू असा कोणी नव्हताच. कोणी सैन्यांत, कोणी पोलिसांत, कोणी खाणींत, कोणी रेल्वेंत नोकर असे. हजेरीपटावर नांव असे आणि पाय मैदानावर. झाब्रझे गांवच्या प्रसिद्ध क्लबाच्या नांवाचा अर्थच ‘खाणकामगार’. पोझनानचा लेख क्लब, जेथून रॉबर्ट लेवांडोव्स्की २०१० सालीं जर्मनीस गेला, तो मुळांत रेल्वेवाल्यांचा. हें वाचतांना आम्हांस परकें असें कांहीं वाटलें नाहीं. नोकरीच्या पडद्याआडून खेळणें ही कला आपल्याकडे पोलंडाहून जुनी आहे, आणि तिचा सर्वांत चांगला दाखला आमच्या मतें कोल्हापूरचा आहे.

भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर ह्यांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ रोजीं कोल्हापुरास झाला. उजव्या हाताचे फलंदाज, प्रसंगीं मध्यमगति गोलंदाज, आणि वेळ पडल्यास यष्टिरक्षकहि. प्रथम दर्जाच्या ऐंशी सामन्यांत त्यांच्या ४८४१ धांवा आहेत व त्यांत बारा शतकें. आणि त्यांची यादी: बडोदें, महाराष्ट्र, होळकर, मध्यभारत, राजस्थान, रेल्वे. सहा संघ! आजच्या लिलावाच्या युगांत ह्या आंकड्यानें कोणाची भुंवई वर जाणार नाहीं. पण त्या काळीं माणूस आपल्या प्रांताकडूनच खेळावयाचा अशी सर्वसाधारण समजूत होती, निदान बोलण्यांत तरी होती.

ही यादी समजून घ्यावयाची तर कोल्हापूरची जुनी रीत ध्यानांत घेतली पाहिजे. पहिलवानानें दरबार शोधावा, गवयानें दरबार शोधावा, आणि दरबारानेंहि चांगला गडी दुसऱ्याच्या पदरीं दिसला कीं त्याला निरोप धाडावा. अल्लादिया खां राजपुतान्यांतून कोल्हापुरास आले ते शाहू महाराजांच्या आश्रयास, आणि त्यांना कोणीं फिरस्ते गवई म्हटलें नाहीं. क्रिकेट हा खेळ संस्थानांत शिरला तेव्हां त्यानें हीच रीत उचलली. इंदूरच्या होळकरांनीं नागपूरच्या सी. के. नायडूंना आपल्या फौजेंत हुद्दा दिला, म्हणून ते जन्मभर ‘कर्नल’ राहिले. त्या फौजेनें शत्रु पाहिला असेल तो बहुधा पांढऱ्या विजारींतला. सागरचे चंदू सरवटे त्याच संघांत, मुश्ताक अली तर इंदूरचेच. ह्या होळकर संघानें रणजी करंडकाच्या उण्यापुऱ्या चौदा वर्षांत चार वेळां करंडक जिंकला आणि सहा वेळां अंतिम सामन्यांत हार खाल्ली. १९४५-४६ सालीं इंदुरास म्हैसूरविरुद्ध ह्या संघानें ८ बाद ९१२ धांवा केल्या व त्या एकाच डावांत सहा जणांनीं शतकें काढलीं. त्या सहांत सर्वांत मोठें शतक निंबाळकरांचें, १७२ चें. आणि दुसरे एक शतकवीर के. व्ही. भांडारकर. हें भांडारकरांचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तें पुन्हां येणार आहे.

शिवाय ह्या यादींतल्या सगळ्याच बदलांचा दोष, किंवा यश, निंबाळकरांच्या पदरीं घालतां येत नाहीं. माणूस जागेवर उभा असतां त्याच्या पायांखालचा नकाशाच हालला तर त्यानें काय करावें? होळकरांचें संस्थान १९४८ सालीं मध्यभारतांत विलीन झालें, संघाचें जुनें नांव १९५४-५५ पर्यंत टिकलें, आणि मग मध्यभारताचा संघ आला. मध्यभारत हें राज्य तरी कोठें राहिलें? १९५६ च्या नोव्हेंबरांत तेंहि मध्यप्रदेशांत गेलें. आमच्या एका इतिहासाच्या प्राध्यापक-मित्रास आम्हीं एकदां सुचविलें होतें कीं संस्थानांचें विलीनीकरण शिकवितांना पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून निंबाळकरांची यादी फळ्यावर लिहावी. त्यानें तें मनावर घेतलें नाहीं. रेल्वेचा संघ १९५८-५९ सालीं प्रथम रणजी स्पर्धेंत उतरला, आणि राजे गेल्यावर खेळाडूंना पोसण्याचें काम रेल्वे, बँका व कारखाने ह्यांच्याकडे कसें आलें तें ह्या यादीच्या शेवटच्या नांवावरून कळतें.

आतां त्या एका डावाकडे वळतों. १९४८ च्या डिसेंबरच्या १६ तारखेस पुण्यास महाराष्ट्र आणि काठेवाड ह्यांचा सामना सुरू झाला. काठेवाडचा पहिला डाव २३८ धांवांत आटोपला. मग निंबाळकर खेळावयास आले, आणि त्यांच्या जोडीला पुन्हां तेच भांडारकर, जे तीन वर्षांपूर्वीं इंदुरास त्यांच्याबरोबर होते. ह्या दोघां फिरस्त्यांनीं दुसऱ्या गड्यासाठीं ४५५ धांवांची भागी केली. भांडारकर २०५ वर बाद झाले. निंबाळकर खेळतच राहिले. ४९४ मिनिटें, एकोणपन्नास चौकार, एक षट्कार, आणि विश्रांतीच्या वेळीं फलकावर ४ बाद ८२६, पैकीं निंबाळकर नाबाद ४४३.

डॉन ब्रॅडमनची १९३० सालची सिडनीची खेळी नाबाद ४५२ ची होती. म्हणजे जगांतला सर्वोच्च आंकडा नऊ धांवांवर होता. तीन चौकार, चांगल्या लयींतल्या फलंदाजाला एका षट्काचें काम. परंतु काठेवाडच्या कप्तानांनीं सांगितलें कीं महाराष्ट्रानें डाव सोडावा, नाहीं तर आम्ही खेळत नाहीं. आणि डाव सुटला नाहीं तेव्हां त्यांनीं सामनाच सोडून दिला व मंडळी स्टेशनाकडे गेली.

हे कप्तान म्हणजे राजकोटचे ठाकूरसाहेब. ह्या प्रसंगीं त्यांना खलपुरुष ठरविण्याची रूढि आहे, आणि आम्हीहि विद्यार्थिदशेंत ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हां त्यांच्यावर रागावलों होतों. पण आतां त्यांच्या बाजूनें एक गोष्ट सुचते. १९४८ च्याच फेब्रुवारींत काठेवाडांतील संस्थानें एकत्र करून सौराष्ट्राचें राज्य झालें. ज्या गृहस्थाचें संस्थान नुकतेंच इतिहासजमा झालें, त्यानें दहा महिन्यांनीं पुण्याच्या उन्हांत उभें राहून दुसऱ्याच्या विश्वविक्रमाची टाळी वाजवावी, ही अपेक्षा सभ्यतेची असली तरी थोडी जड आहे. खेळाच्या नियमांत सामना सोडतां येतो. त्यांनीं तो सोडला. खिलाडूवृत्ति म्हणून ज्या गोष्टीचें आपण कौतुक करतों ती नियमांच्या पुढें चार पावलें असते, आणि तीं चार पावलें त्या दिवशीं पडलीं नाहींत. नऊ धांवांचें नुकसान झालें तें निंबाळकरांचें. पुढें १९५९ सालीं हनीफ महंमदानें ४९९ धांवा केल्या व १९९४ सालीं ब्रायन लारानें नाबाद ५०१. तेव्हां तो विक्रम आज निंबाळकरांच्या नांवावर राहिलाच नसता. तरी दहा वर्षें, ‘जगांत सर्वांत मोठी खेळी कोणाची?’ ह्या प्रश्नाचें उत्तर कोल्हापूर असें देतां आलें असतें, आणि कोल्हापूरकर तें कसें देतात हें ज्यानें ऐकलें आहे त्यालाच ह्या नऊ धांवांची किंमत कळेल. हिंदुस्थानांत मात्र तो आंकडा अजून कोणीं ओलांडलेला नाहीं. संजय मांजरेकर ३७७ पर्यंत गेला, २०२३ सालीं पृथ्वी शॉ ३७९ पर्यंत. चारशें कोणालाच दिसले नाहींत.

आणि इतकें करून निंबाळकर कसोटी सामना एकहि खेळले नाहींत. १९४९-५० च्या राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी त्यांना मिळाली, तेवढीच.

हें निंबाळकर-पुराण आम्ही एरवीं कोणास ऐकवीत नाहीं. तीन वर्षांपूर्वींच्या पावसाळ्यांत मात्र तें ऐकविण्याचा प्रसंग आला, आणि श्रोते दोन होते: बी. ए. च्या दुसऱ्या वर्गांतला आमचा एक विद्यार्थी व त्याचे वडील.

भिवंडी हें गांवच मुळीं आलेल्या लोकांचें आहे. १८५७ च्या बंडानंतर उत्तरेकडून मोमीन विणकर आले. तेलंगणांतून पद्मशाली आले व त्यांचें पद्मानगर झालें. आजहि नाशिकच्या रस्त्यावरच्या गोदामांत काम शोधावयास येणाऱ्यांची रीघ थांबलेली नाहीं. आमच्या विद्यार्थ्याचे वडील आझमगड जिल्ह्यांतले. यंत्रमागावर त्यांचीं तीस वर्षें गेलीं. एका पाळींत सहा माग एकटे सांभाळतात, आणि मागांच्या खडखडाटानें त्यांना ऐकूं कमी येतें म्हणून जगाशीं मोठ्यानें बोलतात. मुलगा कॉलेजच्या संघांतून फुटबॉल खेळे, डाव्या बगलेवर. आमच्या अल्प समजुतीप्रमाणें चांगला खेळे. कलकत्त्याकडील खालच्या श्रेणीच्या एका संघानें त्याला बोलाविलें होतें. राहणें, जेवण आणि हातखर्चापुरतें कांहीं. त्यासाठीं त्याला कॉलेज सोडल्याचा दाखला हवा होता, आणि बाप म्हणत होता कीं दाखला देऊं नये. दोघेहि आमच्या घरीं आले व आमच्यासमोर बसले, जणूं आम्ही पंच.

“सर,” वडील आपल्या हिंदींत म्हणाले, “मीं मुलुख सोडला तो एवढ्यासाठीं कीं ह्याला सोडावा लागूं नये.”

मुलगा म्हणाला, “अब्बा, तुम्हीं तीस वर्षांत चार कारखाने बदलले.”

“कारखाने बदलले. भिवंडी नाहीं बदलली.”

दोन्ही बाजू खऱ्या. आम्ही इंग्रजीचे प्राध्यापक. अशा वेळीं आमच्यापाशीं एखादा उतारा असावयाचा. तो नव्हता, म्हणून निंबाळकर काढले. आम्हीं सगळें सांगितलें: सहा संघ, इंदूरचे ९१२, पुण्याची खेळी, नऊ धांवा. मुलाचे डोळे सहा संघांवर चमकले. वडिलांनीं मात्र कानामागें हात धरून शेवटपर्यंत ऐकून घेतलें आणि नेमकें दुखऱ्या जागीं बोट ठेवलें.

“एवढ्या धांवा केल्या आणि देशाच्या संघांत घेतला नाहीं? कां?” आणि आम्ही उत्तर देण्याच्या आधींच मुलाकडे वळून, “पाहिलेंस? सहा घरचा पाहुणा उपाशी.”

ह्या प्रश्नाचें सोपें उत्तर असें देतात कीं ज्याला स्वतःचा प्रांत नाहीं त्याच्यासाठीं निवडसमितींत भांडणारा कोणी नसतो. हें उत्तर ऐकावयास बरें वाटतें, कारण त्यांत सगळा दोष समितीचा होतो. पण तें पुरेसें नाहीं असें आमचें मत आहे, आणि तें आम्हीं त्या दोघांना तसेंच सांगितलें. विजय मांजरेकरांची यादी पाहा: मुंबई, बंगाल, आंध्र, उत्तर प्रदेश, राजस्थान, महाराष्ट्र. तेहि सहाच! आणि हे गृहस्थ पंचावन्न कसोट्या खेळले, ३२०८ धांवा, सात शतकें. १९५२ सालीं, अवघ्या विसाव्या वर्षीं, लीड्सला तीन गडी झटपट गेल्यावर त्यांनीं विजय हजाऱ्यांबरोबर २२२ धांवा जोडल्या व स्वतः १३३ केल्या. फिरणें त्यांना आड आलें नाहीं. तेव्हां निंबाळकरांचें खरें दुर्दैव त्या डिसेंबरच्या पंचांगांत शोधावें लागतें. वेस्ट इंडीजचा संघ तेव्हां हिंदुस्थानांतच होता. पुण्याचा सामना सुरू होण्यापूर्वीं तीनच दिवस आधीं मुंबईची कसोटी संपली, आणि तींत रूसी मोदींनीं ११२ व हजाऱ्यांनीं नाबाद १३४ धांवा केल्या होत्या. मधल्या फळींतल्या जागा भरलेल्या होत्या आणि भरणारे उठावयास तयार नव्हते. निंबाळकर एकोणतीस वर्षांचे झाले होते, त्यांच्या तारुण्याचीं वर्षें महायुद्धानें खाल्लीं होतीं, आणि काठेवाडची गोलंदाजी म्हणजे वेस्ट इंडीजची नव्हे, असें म्हणणाराला तोंड होतें.

“आणि ते मांजरेकर?” मुलानें विचारलें. “त्यांचें शेवटीं काय झालें?”

१९६५ सालीं मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध नाबाद १०२ धांवा करून ते तंबूंत परतले, आणि त्यानंतर त्यांना कसोटींत पुन्हां घेतलें नाहीं. हें सांगतांना आमच्या ध्यानांत आलें कीं पंच म्हणून आम्ही फारच वाईट काम करीत आहों. प्रत्येक गोष्ट दोन्ही पक्षांना सारखीच उपयोगी पडत होती. वडील हंसले. त्या दिवशीं ते प्रथमच हंसले. सॅम नॉर्थईस्ट ह्या इंग्रज फलंदाजाची गोष्टहि आमच्या ओठांवर आली होती: केंट, हॅम्पशायर, मध्यें यॉर्कशायर व नॉटिंगहॅमशायरची उसनवारी, आणि मग ग्लॅमॉर्गन, २०२२ सालीं त्यानें नाबाद ४१० केल्या. तोंपर्यंत चारशेंच्या वर जाऊनहि एकहि कसोटी न खेळलेला माणूस म्हणजे जगांत एकटे निंबाळकर. आतां त्यांना सोबत मिळाली, आणि सोबतीहि असाच पांच घरें फिरलेला. पण ती गोष्ट आम्हीं गिळली. तिनें बापाचीच बाजू बळकट झाली असती.

अखेर आम्हीं जें सुचविलें तें अगदींच कारकुनी होतें. दाखला घ्यावा, पण त्याच दिवशीं दूरशिक्षणाचा अर्ज भरावा व पावती अब्बांच्या हातीं द्यावी. खेळ कोठेंहि असो, परीक्षेला भिवंडीस यावें. वडिलांनीं पावती खिशांत घातली आणि दोन महिने आमच्याशीं बोलले नाहींत. मुलगा गेला. पुढच्या उन्हाळ्यांत परीक्षेस आला तेव्हां उजव्या घोट्याला पट्टी होती. पास झाला, तिसऱ्या वर्गांत. कलकत्त्याचा संघ त्या वर्षीं पैशांअभावीं मोडला होता, तेव्हां तो गोव्यास गेला. गोव्याहून कोल्हापुरास. तेथें पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल-संघ आहेत, लोक पहिलवानाइतक्याच मायेनें खेळाडूला पोसतात आणि पहिलवानाइतक्याच मोकळेपणानें शिव्याहि देतात. त्यानें तेथून आम्हांस फोन केला व विचारलें, “सर, ते तुमचे निंबाळकर इथले ना?” आम्हीं सांगितलें कीं होय, सहा संघ फिरून झाल्यावर ते कोल्हापुरासच राहिले, २००२ सालीं क्रिकेट-मंडळानें सी. के. नायडूंच्या नांवाचा जीवनगौरव पुरस्कार दिला तो त्यांना घरीं बसूनच कळला असेल. आणि ११ डिसेंबर २०१२ रोजीं, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाला एक दिवस उरला असतां, तेथेंच वारले. “एक दिवस?” तो म्हणाला. मग थोडा थांबून, “इकडे नऊ, तिकडे एक.”

आमच्या सहाध्यायी प्राध्यापकांत ह्या मुलाचें नांव निघालें कीं कोणी तरी ‘वाया गेला’ असें म्हणतो. जे पुण्यास किंवा बंगळुरास संगणकाच्या कचेऱ्यांत दर दोन वर्षांनीं मालक बदलतात त्यांना हेच लोक ‘प्रगति केली’ म्हणतात. पगाराच्या आंकड्यानें शब्द बदलतात हें आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे, आणि इंग्रजी वाङ्मयाच्या तासाला तें शिकविण्याची सोय नाहीं.

वडील आतां बोलतात. शुक्रवारीं माग बंद असले म्हणजे ते कधीं कधीं आमच्या घरावरून जातात व बाहेरूनच मोठ्यानें हांक मारतात. त्यांच्याजवळ एक लहान वही आहे. सुताच्या हिशेबाची, तिच्या शेवटच्या पानावर त्यांनीं मुलाच्या संघांचीं नांवें उर्दूंत एकाखालीं एक लिहून ठेवलीं आहेत. नांव नीट ऐकूं आलें नाहीं कीं ते आमच्याकडून पुन्हां म्हणवून घेतात. गेल्या शुक्रवारीं चौथें नांव आलें. मुलगा मलबारांत निलंबूरकडे गेला आहे. तिकडे पावसाळा संपला कीं शेतांत बांबूंचे तात्पुरते सज्जे उभारून सात-सात गड्यांचा फुटबॉल खेळतात, रात्रीं दिव्यांच्या उजेडांत, आणि गडी सामन्यागणिक पैसे घेतो. पश्चिम आफ्रिकेंतले खेळाडूहि त्यासाठीं हंगामभर येऊन राहतात. “आफ्रिकेंतून?” वडिलांनीं दोनदां विचारलें. आम्हीं दोनदां होय म्हटलें. तेव्हां त्यांनीं पेन्सिल काढली, नांव लिहून घेतलें, आणि ठाण्याहून गाडी धरली तर निलंबूरला जावयास ती कोठें बदलावी लागते तें विचारलें. शोरणूरला, आम्हीं सांगितलें. तेंहि त्यांनीं लिहून घेतलें.